सुपर बोलनंतरचा पाचवा दिवस

फुटबॉलच्या एका खेळाडूचा करार वाढवून घ्यायच्या कामात आहे असं मी आण्णांना फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "कुठल्या तालमीचा?"

आम्ही कोल्हापूरचे. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पेठापेठांच्या तालमींच्या टीम आणि मॅच संपल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत चालणारी भांडणं. हा वेगळा, अमेरिकन फुटबॉल, यात बॉल हातात असतो, हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग फूट कशाला म्हणत्यात?" याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

मी शिकागोजवळ एका छोट्या एजन्सीत हिशेबाचं काम करते. आम्ही चौघं. खेळाडूच्या वतीने टीमशी बोलायचा परवाना फक्त बॉसकडे आहे. हा परवाना खेळाडूंची युनियन देते, त्यासाठी परीक्षा असते आणि तो नसलेल्याने वाटाघाटी करायच्या नाहीत असा नियम आहे. त्यामुळे तक्ते करायचे, जुने करार उकरून काढायचे आणि फोन स्पीकरवर असला की तोंड मिटून बसायचं, हे माझं काम. ज्यांनी मला ओळखलंय त्यांना यातला कठीण भाग कुठला ते कळेल.

आमचा खेळाडू क्वार्टरबॅक, पण दुसऱ्या क्रमांकाचा. टीमची प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातातून सुरू होते आणि मैदानावर तो एकच असतो. दुसरा डोक्यावर टोपी घालून कडेला उभा. पेपरात ज्यांचे आकडे येतात ते पहिले. पॅट्रिक महोम्सचा २०२० मधला दहा वर्षांचा ४५ कोटी डॉलरचा करार, जो बरोचा २०२३ मधला पाच वर्षांचा साडेसत्तावीस कोटींचा. आमचं दुकान त्या बाजारपेठेत नाही. आमच्या तक्त्यात होते टेलर हायनिकी, अटलांटाशी दोन वर्षं १ कोटी ४० लाख, आणि अँडी डाल्टन, कॅरोलिनाशी दोन वर्षं १ कोटी. दोन्ही मार्च २०२३ चे.

पण २०२३ चा मोसम दुसऱ्या क्रमांकावाल्यांसाठी देवाने धाडल्यासारखा आला. अ‍ॅरन रॉजर्स न्यूयॉर्कच्या जेट्सकडून पहिल्याच सामन्यात चार चाली खेळला आणि टाचेची शीर तुटून वर्षभर घरी बसला. क्लीव्हलँडने नोव्हेंबरात घरी बसलेल्या अडतीस वर्षांच्या जो फ्लॅकोला बोलावलं, आणि तो त्यांना प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, घेऊन गेला. त्याच वर्षी लीगने, म्हणजे बत्तीस टीमच्या एनएफएलने, तिसरा क्वार्टरबॅक अडचणीपुरता तयार ठेवायची मुभा दिली. जानेवारी २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे दोन्ही क्वार्टरबॅक एकाच सामन्यात जायबंदी झाले आणि चेंडू फेकायला धड माणूस उरला नव्हता, त्याचा हा परिणाम. आमच्या माणसालाही त्या मोसमात काही सामने मिळाले. एकूण चालींपैकी ३१ टक्के तो मैदानावर होता. करार २०२४ च्या मार्चमध्ये संपणार होता. त्याआधी जानेवारीत टीमचा फोन आला, बाजार उघडायच्या आधी वाढवून टाकू.

प्रस्ताव चांगला होता. दोन वर्षं, १ कोटी ४० लाख डॉलर. त्यातले पहिल्या वर्षाचे ८० लाख पक्के. दुसऱ्या वर्षाच्या ६० लाखांपैकी ३० लाख सुरुवातीला फक्त दुखापतीपुरते पक्के, म्हणजे तो जायबंदी असल्यामुळे खेळू शकला नाही तरच टीम ते देणं लागणार. आणि २०२५ च्या मार्चमध्ये, लीगच्या नव्या वर्षाच्या तिसऱ्या दिवशी, तो अजून टीममध्ये असला तर ते सगळ्या अर्थांनी पक्के.

मी आकडा पाहून खूश झाले. संध्याकाळी आण्णांना सांगितलं. त्यांचा ऊस तोडीला आला होता. दरावरून नोव्हेंबरात हायवे अडवून झाला होता. चौदा दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे, पण कायद्याचे चौदा दिवस आणि कारखान्याचे चौदा दिवस यांची कॅलेंडरं वेगळी. ते म्हणाले, "दर किती जाहीर केला ते र्‍हाऊ दे. खात्यावर कवा पडणार ते सांग."

दुसऱ्या दिवशी प्रस्ताव पुन्हा काढला आणि "तिसऱ्या दिवशी" या शब्दांखाली रेघ मारली. बॉसने आधीच मारली होती, हे मला नंतर कळलं. वीस वर्षं या धंद्यात आहे ती.

मार्चचा तो तिसरा दिवस का बोचत होता, ते सांगते. लीगचं नवं वर्ष मार्चच्या मध्यात सुरू होतं. त्याच्या दोन दिवस आधीपासून टीमना मोकळ्या, म्हणजे करार संपत आलेल्या, खेळाडूंच्या एजंटांशी बोलायची परवानगी असते आणि त्या दोन दिवसांत बहुतेक टीमचे क्वार्टरबॅक ठरून जातात. ही चक्क संगीतखुर्ची आहे. खुर्च्या बत्तीस, त्यातल्या रिकाम्या मोजक्या. टीमने आमच्या माणसाला नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी काढलं, तर गाणं थांबलेलं असणार आणि तो उभा. पैसे बुडतील ते वेगळंच, पुढची नोकरीही जाईल. तोच निर्णय फेब्रुवारीत झाला, तर तो त्याच दिवसापासून मोकळा. इतरांचे करार संपायची वाट पाहावी लागत नाही, बाजार उघडायच्या आधी महिनाभर तो एकटाच दारोदार फिरू शकतो.

याचा दाखला आमच्याकडे होता. डेरेक कार, लास व्हेगस रेडर्सचा क्वार्टरबॅक. त्याच्या करारातले ४ कोटी ४ लाख डॉलर सुपर बोलनंतर, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यानंतर, तीन दिवसांनी, १५ फेब्रुवारी २०२३ ला पक्के होणार होते. टीमने डिसेंबरात शेवटचे दोन सामने त्याला बसवून ठेवलं, कारण तो जायबंदी झाला असता तर ते पैसे गळ्यात पडले असते. १४ फेब्रुवारीला काढलं. लोकांनी त्याला बिचारा म्हटलं. पण तारीख फेब्रुवारीतली होती म्हणून बाजार उघडायच्या आत, ६ मार्चला, न्यू ऑर्लिन्सने त्याला करारबद्ध केलं.

आणि उलट बाजूचा दाखला तर आमच्या डोळ्यांसमोर घडत होता. डेन्व्हरच्या रसेल विल्सनचे ३ कोटी ७० लाख डॉलर मार्च २०२४ मध्ये पक्के व्हायचे होते. मोसमाच्या मध्यात टीमने तारीख पुढे ढकलायला सांगितलं, नाहीतर बसवू असं बजावलं, हे त्याने स्वतः पत्रकारांना सांगितलं. तो नाही म्हणाला, आणि शेवटचे दोन सामने बाकावर. ही मोठी माणसं; त्यांना बसवलं की देशभर चर्चा होते. आमचा माणूस मुळातच बाकावर. त्याला बसवलं हे त्याच्या आईलाही कळणार नाही.

म्हणून आम्ही एकच मागितलं. आकडा तोच ठेवा, तारीख सुपर बोलनंतरचा पाचवा दिवस करा.

टीमच्या बाजूने सॅलरी कॅप, म्हणजे खेळाडूंच्या एकूण पगारावरची लीगची मर्यादा, सांभाळणारा एक तरुण होता, अत्यंत सभ्य. तो म्हणाला, आकड्यावर बोलू, तारखेवर नाही. त्याचंही खोटं नव्हतं. फेब्रुवारीच्या मध्यात टीमला पुढच्या वर्षाची सॅलरी कॅप किती हेच कळलेलं नसतं. कधी कधी प्रशिक्षकही नवा आलेला असतो आणि त्याला कोण हवंय ते त्यालाच माहीत नसतं. इतक्या लवकर दुसऱ्या क्रमांकाच्या माणसावर ३० लाख कोण बांधून घेणार?

तीन आठवडे हे असंच चाललं. बॉस फोन करायची, मी समोर कागदावर लिहून दाखवायचे, ती मान हलवायची किंवा हलवायची नाही.

मधल्या काळात माझ्या हातून एक चूक झाली, ती लिहिल्याशिवाय हा अनुभव खरा होणार नाही. करारात खेळलेल्या चालींवर बक्षीस असतं, अमुक टक्के खेळलास तर इतके जादा. मी तक्त्यात पहिली पायरी ३० टक्के ठेवली. जितकी खाली तितकं खेळाडूचं भलं, असा माझा सरळ हिशेब. पण लीगचा नियम असा की आदल्या वर्षी जे गाठलंय ते "होण्यासारखं" धरतात आणि त्याचे पैसे लगेच यंदाच्या कॅपमध्ये मोजतात. जे गाठलेलं नाही ते "न होण्यासारखं", ते आत्ता मोजत नाहीत. आमचा माणूस ३१ टक्के खेळला होता. म्हणजे मी टीमकडे असं बक्षीस मागत होते, जे त्यांना आजच कॅपमध्ये धरावं लागलं असतं. पलीकडचा तरुण क्षणभर थांबला आणि म्हणाला, "हा आकडा तुम्हाला नक्की हवाय?" बॉसने एका श्वासात "३५ म्हणायचं होतं" म्हणून सावरलं. फोन ठेवल्यावर ती काही बोलली नाही. कॉफी आणून माझ्यासमोर ठेवली, ते जास्त लागलं.

याच बक्षिसांवरून निक फोल्सची गोष्ट आमच्याकडे सगळे सांगतात. २०१८ च्या मोसमात फिलाडेल्फियात त्याला ३३ टक्के चाली खेळल्यास दहा लाख डॉलर मिळणार होते. शेवटच्या सामन्यात मार लागून तो बाहेर पडला आणि चार चालींनी हुकला. टीमने तरीही पैसे दिले. वर्षभर आधी त्याने त्यांना सुपर बोल जिंकून दिला होता, हेही लक्षात ठेवायचं. चार चालींसाठी पैसे सोडणाऱ्या टीम सगळ्याच नसतात. म्हणून आम्ही एक मोठी पायरी न मागता चार छोट्या मागितल्या: ३५, ४५, ५५, ६५.

२३ फेब्रुवारीला लीगने २०२४ ची कॅप जाहीर केली, २५ कोटी ५४ लाख डॉलर. आदल्या वर्षीपेक्षा ३ कोटींहून जास्त वाढ. कुणीच इतकी धरली नव्हती. आमच्या ऑफिसात दिवाळी. मला वाटलं, आता टीम मवाळ होणार. तसं काही झालं नाही. पैसा वाढला की आकड्यांत सैलपणा येतो, तारखांत नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात इंडियानापोलिसला कॉम्बाइन. कॉलेजची मुलं तिथे धावतात, उड्या मारतात आणि बत्तीस टीमची माणसं घड्याळं घेऊन बसतात. पण खरा बाजार संध्याकाळी स्टेकहाउसमध्ये भरतो. सेंट एल्मो म्हणून जुनं हॉटेल आहे, तिथल्या कोळंबीवर हॉर्सरॅडिश नावाच्या झणझणीत मुळाची चटणी असते, ती नाकातून मेंदूपर्यंत जाते. पलीकडचा तरुण घामाघूम. मी तांबड्या रश्श्यावर वाढलेली, पण खोटं कशाला बोलू, ही वेगळीच चीज आहे, डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्यांदा हसलो. बोलायची मुभा नव्हती. हसायला परवाना लागत नाही.

तिथेच बॉसने शेवटचं पान टाकलं. एकूण रकमेतून पाच लाख सोडतो, १ कोटी ३५ लाख करा. तारीख आमची.

त्याच्या आदल्या रात्री ती खेळाडूशी बोलली होती. मीही कॉलवर होते. पाच लाख डॉलर सोडायचे म्हणजे गंमत नाही, आणि आमच्या कमिशनमधूनही तेवढा तुकडा जातो. युनियनच्या नियमाने ते जास्तीत जास्त तीन टक्के, तेही खेळाडूला पैसे मिळतील तसतसे. तो गप्प होता. बोलली त्याची बायको. मुलगी चार महिन्यांची होती. तिने विचारलं, "पुढच्या वर्षी घराचं भाडेपत्र मार्चमध्ये संपतं. आम्हाला त्याआधी कळेल का?" बॉस म्हणाली, कळेल. तो म्हणाला, "मग सोड पाच लाख."

टीमने दोन दिवस घेतले आणि हो म्हटलं.

नंतरची कागदपत्रं हा एक स्वतंत्र वैताग होता. "पाचवा दिवस" म्हणजे सामन्याचा दिवस धरून की सोडून? किती वाजेपर्यंत, कुठल्या शहराच्या घड्याळाने? मी हट्टाने सगळं लिहून घेतलं: सामन्याचा दिवस सोडून पाचवा, न्यूयॉर्कचे दुपारचे चार. काढून टाकलं आणि दुसरीकडे नोकरी लागली, तर तिथला पगार आमच्या पक्क्या रकमेतून वजा होणार का, यावरही दोन दिवस गेले. ते आम्ही हरलो, वजा होणार. बाजार उघडायच्या पाच दिवस आधी सह्या झाल्या. पेपरात दोन ओळी आल्या, त्यात रक्कम होती, तारखेचा उल्लेखही नव्हता.

पुढच्या मोसमात तो फार खेळला नाही. बक्षिसाची एकही पायरी गाठली नाही. डिसेंबरात टीमने एक तरुण क्वार्टरबॅक आणून बसवला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

९ फेब्रुवारी २०२५ ला सुपर बोल झाला, फिलाडेल्फियाने कॅन्सस सिटीला ४०-२२ ने हरवलं. मी मॅच पाहत होते की कॅलेंडर, ते सांगता येणार नाही. १४ तारखेला शुक्रवार. शिकागोत तीन वाजले की न्यूयॉर्कचे चार. अडीचपासून मी आणि बॉस एकाच टेबलाशी, मधे फोन. फोन वाजला नाही. तीन वाजून दोन मिनिटांनी खेळाडूच्या बायकोचा मेसेज आला, भाडेपत्राचा फोटो, खाली सही.

कोल्हापुरात तेव्हा रात्रीचे अडीच. शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणजे आण्णा मोटर चालू करायला जागे असणार. मेसेज केला, "आमचे तीस लाख पक्के झाले."

पाच मिनिटांनी उत्तर आलं. "बरं झालं. आमचं अजून न्हाईत."