ऑल्बनीच्या ड्यूकची वारसनोंद

स्कॉटलंडच्या टूरमध्ये डून कॅसल म्हणजे खरं तर फोटो काढण्यापुरता थांबा. स्टर्लिंग झालं की लॉख लोमंडच्या वाटेवर पाऊण तास. एका टीव्ही मालिकेचं चित्रीकरण इथे झालं म्हणून तरुण मंडळी खूश, आणि स्वच्छतागृह बरं आहे म्हणून ज्येष्ठ खूश. त्या दिवशी मात्र स्थानिक गाइडला ताप भरला आणि लोमंडची बोट दुपारची मिळाली. हाताशी अडीच तास, बाहेर मुसळधार पाऊस, आणि बोलायला मी एकटी. टूर मॅनेजरला पासपोर्ट, औषधं आणि खोल्यांच्या चाव्या सांभाळायचा पगार मिळतो, इतिहासाचा नाही. पण हा किल्ला ज्याने आजच्या रूपात उभा केला, त्या रॉबर्ट स्ट्यूअर्टवर माझा जुना जीव आहे. म्हटलं, सांगूया.

लॉर्ड्स हॉलमधल्या दुहेरी फायरप्लेसपाशी मंडळींना बसवलं. सुरुवात केली ती वडिलांपासून. वडील म्हणजे पुढे राजा झालेला दुसरा रॉबर्ट. त्याला दोन बायकांपासून डझनाहून जास्त मुलं. पहिली एलिझाबेथ म्यूर. चर्चच्या लेखी तिचं लग्न वैधच नव्हतं, कारण दोघं नात्यातली. १३४७ मध्ये पोपची परवानगी आली तेव्हा कुठे झालेली मुलं औरस ठरली. त्यातलाच हा तिसरा मुलगा, जन्म १३४० च्या आसपासचा.

“थांबा ताई,” मागून आवाज आला. “दुसरीची मुलं गप्प बसली का?”

हे आमचे भाऊसाहेब. नगर जिल्ह्यात तलाठी म्हणून लागले, मंडळ अधिकारी होऊन निवृत्त झाले. तोवर त्यांनी टूरमध्ये फक्त चहा कुठे मिळेल एवढंच विचारलं होतं. मी सांगितलं, नाही बसली. दुसऱ्या बायकोचा धाकटा, ॲथोलचा वॉल्टर, १४३७ मध्ये राजाच्या खुनाच्या कटात निघाला. भाऊसाहेबांनी मान हलवली, माझ्या हातातली खोल्यांची यादी मागून घेतली, ती उलटी केली आणि पाठकोऱ्या बाजूला वंशावळ काढायला बसले.

मग मी फक्त सांगत गेले आणि ते लिहीत गेले. १३६१ मध्ये रॉबर्टने मार्गारेट ग्रॅहमशी लग्न केलं. मेंटीथची जहागीर तिच्या स्वतःच्या हक्काची, आणि हा तिचा चौथा नवरा. डूनची जमीन तिच्याकडूनच आली. १३७१ मध्ये त्याने वारलेल्या भावाच्या विधवेशी, फाइफच्या इझाबेलाशी, करार केला आणि फाइफची जहागीरही मिळवली. “हक्कसोडपत्र,” भाऊसाहेब पुटपुटले. १३८८ मध्ये थोरल्या भावाला घोड्याने लाथ मारली, तो कायमचा अधू झाला आणि राज्याचा कारभार याच्याकडे आला. दोन वर्षांनी तो भाऊ तिसरा रॉबर्ट म्हणून गादीवर बसला, पण बसण्यापुरताच. १३९८ मध्ये याला ऑल्बनीचा ड्यूक केलं आणि त्याच दिवशी राजपुत्र डेव्हिडला रॉथसेचा. स्कॉटलंडमधले हे पहिले दोन ड्यूक, एक काका आणि एक पुतण्या.

“राघोबादादा!” पुण्याच्या दोन काकू एकदम म्हणाल्या.

हे येणार हे मला ठाऊक होतं. काका-पुतण्या म्हटलं की मराठी माणूस शनिवारवाड्यावर जाऊन उभा राहतो. साम्य आहेच. डेव्हिड तेवीस वर्षांचा, उधळ्या, हाती आलेली सत्ता बेफिकीरपणे वापरणारा. १४०१ च्या अखेरीस काकाने त्याला पकडून फॉकलंडच्या किल्ल्यात कोंडलं आणि १४०२ च्या मार्चमध्ये तो तिथेच मेला. वॉल्टर बोअर हा मठाधिपती पुढे लिहितो की तो हगवणीने गेला, काही जण म्हणतात उपासमारीने. या कामात ऑल्बनीचा साथीदार डग्लसचा अर्ल, आणि त्याचं नातं तर बघा! डेव्हिडची बहीण त्याच्या घरात दिलेली आणि त्याची बहीण डेव्हिडला केलेली. चक्क साटंलोटं, आणि तरी मेव्हण्याने मेव्हण्याला संपवलं. पण पुढचं आपल्यासारखं नाही. आपल्याकडे रामशास्त्री उभे राहिले. तिथे मे महिन्यात सभा भरली, तिने राजपुत्र ईश्वरी इच्छेने गेला असं नोंदवलं आणि दोघांना मोकळं केलं. राज्यकारभार कोणाच्या हाती होता हे लक्षात घेतलं तर दुसरं काय होणार होतं?

काकूंनी ऑल्बनीला तिथल्या तिथे फाशी दिली. मी थोडी त्याची बाजू घेतली, कारण माणूस नुसता खलनायक नव्हता. १४०९ मध्ये इंग्रजांकडून घेतलेला जेडबराचा किल्ला पाडायचा ठरला तेव्हा खर्चासाठी चुलीमागे दोन पेनी कर बसवावा असं निघालं. त्याने नकार दिला. आपल्या कारकिर्दीत गरिबांचे शिव्याशाप नकोत म्हणाला आणि खर्च राजाच्या जकातीतून भागवला.

“म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून,” भाऊसाहेब म्हणाले. “ताई, खुनाचं सोडा. साक्षीदार नाही, टिकायचं नाही. धाकट्या पुतण्याचं काय झालं ते सांगा.”

धाकटा जेम्स. त्याला वाचवायला बापाने १४०६ मध्ये फ्रान्सला धाडलं, पण समुद्रात पकडला जाऊन तो इंग्लंडच्या राजाच्या ताब्यात गेला. वय अकरा. बातमी आली आणि थोड्याच दिवसांत बाप गेला. काका गव्हर्नर झाला.

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. “अ.पा.क.,” ते म्हणाले, “अज्ञान पालक कर्ता. आणि त्याआधी अधू भावाच्या वेळी ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. सातबाऱ्यावर मालक म्हणून याचं नाव कधीच नाही, पण वहिवाट सगळी याचीच. अशी शेकडो प्रकरणं पाहिलीत मी. पुतण्या सज्ञान झाला की पालकाचं नाव कमी करायचं असतं. झालं का?”

नाही झालं. आणि खरी गोम इथेच आहे. ऑल्बनीचा स्वतःचा मुलगा मर्डॉकही १४०२ पासून इंग्रजांच्या कैदेत होता. १४१६ मध्ये इंग्रज सरदार पर्सी घराण्याच्या वारसाच्या बदल्यात तो सुटून आला. राजा जेम्स तिथेच राहिला, एकूण अठरा वर्षं. मी सांगून पाहिलं की राजा म्हणजे मोठं प्यादं, इंग्रज त्याला सहजी सोडणार नव्हते. पाचव्या हेन्रीने तर फ्रान्समध्ये लढणाऱ्या स्कॉट सैनिकांविरुद्ध वापरायला त्याला तिकडे नेलंसुद्धा. भाऊसाहेब ऐकून घेत होते. “असेल,” म्हणाले, “पण मुलाचा अर्ज निकाली निघतो आणि पुतण्याचा प्रलंबित राहतो, तेव्हा फाइल कोणाच्या टेबलावर आहे ते बघायचं असतं.”

इतकी वर्षं मी या माणसाबद्दल वाचते आहे, माझा सगळा जोर फॉकलंडच्या कोठडीवर. या गृहस्थांनी अडीच तासांत बोट दुसरीकडेच ठेवलं, आणि मला ते पटलं.

ऑल्बनी १४२० मध्ये ऐंशीच्या घरात, अंथरुणावर मेला. हिशेब चुकवला त्याच्या मुलाबाळांनी. जेम्स १४२४ मध्ये परतला आणि पुढच्याच वर्षी, मे महिन्याच्या दोन दिवसांत, स्टर्लिंगला चार मुंडकी उडवली: मर्डॉक, त्याचे दोन मुलगे वॉल्टर आणि अलेक्झांडर, आणि ऐंशीच्या आसपासचा सासरा, लेनॉक्सचा अर्ल. डून राजाच्या खात्यात जमा. मर्डॉकची बायको इझाबेला हिचा नवरा, दोन मुलगे आणि बाप, सगळे एकदम गेले. काकूंचा राग इथे पुरता फिरला. आता जेम्सला फाशी.

दुपारी बोटीत त्यांनी इझाबेला पुढे कुठे राहिली ते विचारलं. लोमंडमधल्या इंचमरिन बेटावर, १४५८ च्या सुमारापर्यंत. बेट दिसल्यावर सगळ्यांनी एकाच बाजूला गर्दी केली आणि खलाशाला ओरडावं लागलं. तिचा एक मुलगा, जाडा जेम्स, वेळीच आयर्लंडला पळून वाचला होता. मर्डॉकच्या वंशातला अँड्र्यू नावाचा एक अनौरस पोरगा पुढे स्कॉटलंडचा चान्सलर झाला, आणि त्याला राजाने औरस ठरवल्याचं पत्रही मिळालं.

“कुठल्या साली?” भाऊसाहेबांनी खिशातून खोल्यांची यादी काढली. मला ती संध्याकाळी हॉटेलात हवी होती, पण त्यांनी दिली नाही. चाव्या मी आठवून वाटल्या.