किती विरघळेल आणि किती वेळात: दोन वेगळे प्रश्न

पदार्थ विरघळत नसेल तर बहुतेक जण ढवळण्याचा जोर वाढवतात. त्यानं काम होतं की नाही, हे अडचण कुठली आहे त्यावर ठरतं. पदार्थ विरघळतोय पण सावकाश, ही एक अडचण. द्रावकाची, म्हणजे ज्यात विरघळवतोय त्या द्रवाची, क्षमताच संपली, ही दुसरी. ढवळणं आणि पूड करणं यांचा उपयोग फक्त पहिल्या अडचणीत होतो.

घन पदार्थ विरघळताना त्याच्या पृष्ठभागालगत दाट द्रावणाचा पातळ थर साचतो. ढवळल्यावर तो हटतो आणि ताजं पाणी पृष्ठभागाला भिडतं. बारीक पूड केली की पृष्ठभाग वाढतो. वेग वाढला, पण मर्यादा होती तिथेच राहते. २० अंश सेल्सियसला १०० ग्रॅम पाण्यात मीठ सुमारे ३६ ग्रॅम विरघळतं; चाळिसावा ग्रॅम टाकून तासभर ढवळलं तरी चार ग्रॅम तळाशी राहणारच. मात्र ते मीठ निपचित पडलेलं नसतं. जितके आयन (मिठाचे विद्युतभारित कण) पाण्यात जातात तितकेच परत स्फटिकावर बसतात, म्हणून वजन बदलत नाही. यालाच संपृक्त द्रावण म्हणायचं.

गरम केलं तर? वेग जवळजवळ नेहमीच वाढतो, पण मर्यादा वाढेलच असं नाही. पोटॅशियम नायट्रेट २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३२ ग्रॅम, तर ६० अंशांना ११० ग्रॅमच्या आसपास विरघळतं. मीठ मात्र १०० अंशांनासुद्धा ३९ ग्रॅमवरच थांबतं. विरलेला चुना (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) तर उलटा वागतो: २० अंशांना १०० मिली पाण्यात ०.१७ ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात त्याच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे चुन्याची स्वच्छ निवळी तापवली की गढूळ होते. वायूंचंही तसंच. हवेच्या संपर्कातल्या पाण्यात ० अंशाला लिटरमागे १४.६ मिलीग्रॅम ऑक्सिजन असतो, २५ अंशांना जेमतेम ८.३.

या फरकाचं मूळ ऊर्जेच्या हिशोबात आहे. स्फटिकातले आयन सुटे करायला ऊर्जा लागते. पाण्याचे ध्रुवीय (एका टोकाला धन, दुसऱ्या टोकाला ऋण भार असलेले) रेणू त्यांच्याभोवती जमले की ऊर्जा बाहेर पडते. मिठाच्या बाबतीत दोन्ही आकडे जवळपास सारखे, तूट मोलमागे (मिठाच्या ५८.४४ ग्रॅममागे) चारेक किलोज्यूल. म्हणून तापमानाचा परिणाम नगण्य. पोटॅशियम नायट्रेटमध्ये तूट मोठी असते, भांडं हाताला गार लागतं आणि उष्णता पुरवली की विद्राव्यता झपाट्यानं वाढते. कॉस्टिक सोडा टाकताच पाणी तापतं, कारण तिथे ऊर्जा शिल्लक उरते. सल्फ्युरिक आम्लाचा प्रकार याहून उग्र. आम्ल नेहमी पाण्यात, थोडं थोडं, ढवळत ओतायचं. उलट केलं तर जड आम्लावर पडलेलं थोडंसं पाणी जागच्या जागी उकळून आम्लासकट उडतं. इथे सवलत नाही.

आता ठरावीक तीव्रतेचं द्रावण. मिठाचं १ मोलर द्रावण, म्हणजे लिटरभर द्रावणात एक मोल मीठ, हवं असेल तर ५८.४४ ग्रॅम मीठ लिटरभर पाण्यात टाकायचं नाही. तसं केल्यावर आकारमान १०२० मिलीच्या जवळ जातं आणि तीव्रता जवळपास दोन टक्के कमी भरते. मीठ बीकरमध्ये ६०० मिली पाण्यात पूर्ण विरघळवा, १ लिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये (मानेवर आकारमानाची खूण असलेल्या चंबूत) ओता, बीकर आणि फनेल दोनतीनदा थोड्या पाण्यानं धुऊन तेही त्यातच घ्या. मग खुणेपर्यंत पाणी भरा. शेवटचे थेंब ड्रॉपरनं सोडा, डोळा खुणेच्या पातळीत ठेवा, बूच लावून फ्लास्क दहाबारा वेळा उलटासुलटा करा. हा शेवटचा भाग लोक हमखास टाळतात, आणि मग वरचं द्रावण पातळ, तळचं दाट.

द्रावण गरम असताना खूण गाठू नका. ४० अंशांना भरलेलं लिटरभर पाणी २० अंशांवर येईपर्यंत सुमारे ६ मिलीनं आक्रसतं.

वजन करताना बाटलीवरचं सूत्र नीट वाचा. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या स्फटिकांत प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे पाच रेणू असतात. ०.१ मोलर लिटरभर द्रावणासाठी ते २४.९७ ग्रॅम लागतात. निर्जल पांढऱ्या पुडीचा १५.९६ ग्रॅमचा हिशोब निळ्या स्फटिकांना लावला तर तीव्रता ०.०६४ वर येते. द्रावण निळंच दिसतं, त्यामुळे चूक नजरेला येत नाही.

काही वेळा अडचण क्रमात असते. आयोडीन अध्रुवीय, नुसत्या पाण्यात लिटरला साधारण ०.३ ग्रॅम. आधी १० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड वीसेक मिली पाण्यात विरघळवून त्यात ५ ग्रॅम आयोडीन घातलं तर ते सहज जातं, कारण आयोडाइडशी जुळून त्याचा विद्युतभारित ट्रायआयोडाइड बनतो. सगळं विरघळल्यावरच पाणी घालून १०० मिली करा. सुरुवातीलाच १०० मिली पाणी घेतलं तर आयोडाइड पातळ पडतो आणि काळे कण बराच वेळ तळाशी फिरत बसतात.

द्रवात द्रव मिसळताना आकारमानांची बेरीज गृहीत धरू नका. ५० मिली इथेनॉल आणि ५० मिली पाणी मिळून ९६ ते ९७ मिलीच भरतं, कारण हायड्रोजन बंधांमुळे (रेणूंमधल्या परस्पर ओढीमुळे) रेणू अधिक दाटीनं बसतात. म्हणून ५० टक्के आकारमानाचं द्रावण हवं असेल तर ५० मिली इथेनॉल मोजून घ्या आणि पाणी १०० च्या खुणेपर्यंत घाला, वेगळं ५० मिली मोजू नका.