चाल कुठून आली?

मागच्या वर्षी एका एकांकिकेतल्या चार गाण्यांना मी चाली लावल्या. तिसऱ्या गाण्याची चाल सांगली-मिरज रस्त्यावर सुचली, सिग्नलला स्कूटर थांबवलेली असताना. षड्जावरून थेट पंचमावर उडी, मग कोमल गंधारावर उतरून तिथेच रेंगाळायचं. विसरू नये म्हणून घरापर्यंत मोठ्याने गात आले. तालमीत सगळ्यांना आवडली. पेटी वाजवणारी माझी विद्यार्थिनी तेवढी गप्प होती. बरं नसेल, असं मला वाटलं.

दोन महिन्यांनी फोनमधली जागा रिकामी करताना पहिल्या वाचनाच्या दिवशीचं रेकॉर्डिंग सापडलं. चहाचे कप वाजतायत, कुणीतरी संवाद वाचतंय आणि या सगळ्याच्या मागे ती मुलगी गुणगुणतेय. तीच उडी, तोच गंधार. मध्येच माझा आवाज येतो, "छान आहे गं, पुन्हा म्हण."

हे मी म्हटल्याचं मला आजही आठवत नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. मग याबद्दल मिळेल ते वाचत सुटले. १९८९ साली ॲलन ब्राउन आणि डॅना मर्फी या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना गटात बसवून आळीपाळीने वाद्यांची, खेळांची वगैरे नावं सांगायला लावली. नंतर प्रत्येकाला विचारलं, यातली तुमची कोणती? आणि आता नवी सांगा. दुसऱ्याचं घेऊ नका असं बजावूनही शेकडा तीन ते नऊच्या आसपास उत्तरं दुसऱ्या कुणीतरी आधी दिलेलीच निघाली. गोष्ट लक्षात राहणं वेगळं आणि ती कुणाकडून आली हे लक्षात राहणं वेगळं. आठवणीबरोबर बोलणाऱ्याचा आवाज, ती खोली, ती वेळ असं काही आलं, तर आपण तिचा उगम ओळखतो. तसं काहीच आलं नाही की ती आपलीच वाटते. माझं त्या दिवशी सगळं लक्ष संहितेत होतं. चाल राहिली, मुलगी गळून पडली.

बीटल्स या इंग्लिश बँडमधल्या दोघांच्या गोष्टी मला यासाठी फार जवळच्या वाटतात. 'येस्टरडे'ची चाल पॉल मॅकार्टनीला झोपेतून उठताना सुचली, तर तो कितीतरी दिवस ओळखीच्या लोकांना ती ऐकवून विचारत राहिला, ही कुणाची आहे का? कुणाचीच नव्हती. जॉर्ज हॅरिसनच्या 'माय स्वीट लॉर्ड'बाबत मात्र १९७६ साली न्यायाधीशांनी निकाल दिला, की शिफॉन्स या गटाच्या १९६३च्या गाण्याची चाल त्याने नकळत उचलली. नकळत हे न्यायाधीशांनीही मान्य केलं. तरी ते उचलणंच ठरलं, आणि मला तो निकाल योग्य वाटतो.

आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या छापील प्रती काढून बघा. पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून मूळ गाण्याचे शब्द दिलेले असतात. अमुक चीज, अमुक लावणी. लपवाछपवी नाही. लहानपणी आजोबांच्या पेटीतल्या पुस्तकांत त्या ओळी मी ओलांडून पुढे जायचे. आता आधी त्याच वाचते. चाल कुठून घेतली हे समोर लिहिलेलं असलं, की गाणाऱ्याने आणि लिहिणाऱ्याने पुढे काय केलं तेही दिसतं.

हे मला माझ्याच गाण्यात कळलं. चाल तिची आहे हे माहीत नसताना मी तिच्यात एका सुराचाही बदल केला नव्हता. करणार तरी कशाला, ती मला पूर्ण वाटत होती. मुलीला फोन केला, रेकॉर्डिंग ऐकवलं, माफी मागितली. ती म्हणाली, "बाई, मला वाटलं, तुम्हाला आवडली म्हणून घेतलीत." मग आम्ही दोघी बसलो. मुखडा तिचाच ठेवला. मी अंतरा मध्यमावरून उचलला, त्यामुळे गंधारावर परत येताना जी ओढ लागते ती आधी नव्हतीच. पुढच्या प्रयोगाच्या पत्रिकेत तिचं नाव आधी छापलं.

तेव्हापासून वहीत प्रत्येक चालीसमोर 'कुठून' असा रकाना ठेवलाय. वासुदेवाची हाक, आईची ओवी, कुठल्याशा लग्नातला बँड. परवा रात्री एक ओळ सुचली, त्यापुढचा रकाना अजून रिकामा आहे. आज तालमीला लवकर जाऊन आधी तिला गुणगुणून दाखवणार आहे.