ओव्हरफ्लोला मराठीत काय म्हणायचं?

इंग्रजीच्या तासाला आपण वहीत दोन रकाने आखायचो. डावीकडे शब्द, उजवीकडे एकच अर्थ. ओव्हरफ्लो: ओसंडून वाहणे. अर्थ बरोबर आहे, पण अपुरा आहे. आज त्याच बाकांवर बसणाऱ्या मुलांसाठी उरलेला अर्थ इथे लिहून ठेवतो.

नाम असेल तर उच्चारात जोर 'ओ'वर, क्रियापद असेल तर 'फ्लो'वर. भूतकाळ 'ओव्हरफ्लोड'. 'ओव्हरफ्लोन' हे 'ओव्हरफ्लाय'चं, म्हणजे वरून उडत जाण्याचं रूप. पाण्याशी त्याचा संबंध नाही.

दूध उतू जातं तेव्हा 'बॉइल ओव्हर', हिंदकळून चहा सांडला तर 'स्पिल'. भाषांतरात खरी चूक होते ती नदीची. दुथडी भरून वाहणारी नदी अजून पात्रातच असते. काठ सोडून ती शेतात शिरली की मग ओव्हरफ्लो. पावसाळ्यात 'धरण ओव्हरफ्लो' अशी बातमी येते, तेव्हा पाणी सांडव्यावरून जात असतं आणि सांडवा त्यासाठीच बांधलेला असतो. मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी गेलं तर त्याला 'ओव्हरटॉपिंग' म्हणतात, आणि ते पाणी बांधच कापत नेतं. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेत मोरबीजवळचं मच्छू-२ धरण असंच फुटलं. सांडव्याच्या क्षमतेपेक्षा पूर कितीतरी मोठा होता.

गच्चीवरच्या टाकीत हा शब्द नाम होतो: ओव्हरफ्लोचा पाइप. आत येणारं पाणी दाबाने येतं, बाहेर जाणारं नुसत्या उताराने. म्हणून बाहेरचा पाइप मोठाच हवा. भरणी अर्धा इंची असेल तर ओव्हरफ्लो एक इंची ठेवावा. त्याचं तोंड भरणीच्या तोंडापेक्षा खाली असावं, नाहीतर पुरवठा बंद झाल्यावर टाकीतलं पाणी उलटं नळात ओढलं जाऊ शकतं. डास शिरू नयेत म्हणून तोंडाला जाळी लावतात. तिच्यावर शेवाळ धरलं की पाणी झाकणातून बाहेर येतं आणि स्लॅबला ओल धरते. त्यामुळे जाळी अधूनमधून घासून काढावी लागते. या पाइपवर व्हॉल्व्ह कधीच बसवू नये. पाइपचं दुसरं टोक लोकांच्या नजरेसमोर सोडावं, गटारात लपवलं तर फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की भरणी बंद करणारा तरंगता गोळा) बिघडल्याचं महिनोन्महिने कुणाला कळत नाही.

संगणकात मात्र काहीच बाहेर सांडत नाही, आणि मला तोच प्रकार जास्त धोक्याचा वाटतो. बिट म्हणजे ० किंवा १ एवढंच मावणारी जागा. आठ बिटांच्या खान्यात ० ते २५५ मावतात. २५५ मध्ये एक मिळवला की खान्यात शून्य उरतं. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ रॉकेट उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आसपास नष्ट झालं. एरियान-४ साठी लिहिलेला प्रोग्राम त्यात तसाच घेतला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, त्यावरून काढलेली संख्या सोळा बिटांत (त्यातला एक अधिक-उणे चिन्हासाठी) बसवताना ३२,७६७ ची मर्यादा ओलांडली गेली आणि दिशा सांगणारी यंत्रणाच बंद पडली.

अशीच एक मर्यादा पुढे येते आहे. अनेक जुन्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद बत्तीस बिटांत मोजतात. तिथे २,१४७,४८३,६४७ हा शेवटचा आकडा. तो भरेल १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. जिथे तोवर चौसष्ट बिटांचा खाना केलेला नसेल, तिथे पुढच्या सेकंदाला आकडा उणे होईल आणि घड्याळ १९७० च्या मागे जाऊन डिसेंबर १९०१ दाखवील.