दिल्ली: चांदीचे छत आणि घाटातला खेकडा

तीन पिढ्यांना एकत्र घेऊन दिल्ली पाहायची, तर प्रेक्षणीय स्थळांच्या यादीला आधी कात्री लावावी लागते. सत्तरी ओलांडलेले सासरे, जुन्या इमारतींना लवकर कंटाळणारी मुले आणि डिसेंबरातली धुक्याची सकाळ यांचा मेळ घालून आम्ही रोज एकच मोठे ठिकाण पाहायचे ठरवले. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय आणि राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय ही तिन्ही ठिकाणे सोमवारी बंद असतात, म्हणून सोमवार हुमायूनच्या कबरीसाठी राखून ठेवला. तेथील प्रशस्त बागेत मुलांना मनसोक्त हुंदडता आले, हेही काही कमी नव्हे.

लाल किल्ल्यात बहुतेक पर्यटक लाहोरी दरवाजासमोर छायाचित्रे काढतात, छत्ता चौकातील दुकानांत रेंगाळतात आणि दिवाण-ए-खासपर्यंत पोहोचेतो थकून जातात. मराठी माणसाने मात्र तेथेच अधिक वेळ थांबावे. शाहजहानच्या काळात या दालनाचे छत चांदीने मढवलेले होते. मयूरासन 1739 मध्ये नादिरशहाने नेले, हे सर्वांना ठाऊक असते. पण छताची उरलेली चांदी 1760 मध्ये, पानिपतच्या काही महिने आधी, सदाशिवरावभाऊंनी काढून वितळवली आणि फौजेच्या खर्चासाठी तिचे रुपये पाडले. फौज मोठी, उत्तरेतून वसुली येईना आणि पुण्याहून पैसा पोहोचेना, अशा कोंडीत घेतलेला हा निर्णय होता. भाऊंची अडचण मला समजते, तरीही आज त्या जागी दिसणाऱ्या रंगीत छताकडे पाहताना थोडे अवघडल्यासारखे झाले. पानिपतावर आपण तासन्‌तास बोलतो, ही गोष्ट मात्र ओघात उरकून टाकतो.

राष्ट्रीय संग्रहालय एका दिवसात पाहून होणारे नाही, त्यामुळे आम्ही हडप्पा दालनापुरतेच पाहिले. मोहेंजोदडोची नर्तिका जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची आहे. पाठ्यपुस्तकातील चित्रामुळे मुलांनी पूर्णाकृती पुतळ्याची कल्पना केली होती. डावा हात खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला आणि उजव्यात मात्र चारच, हे धाकटीने काचेला नाक लावून शोधून काढले.

खरी रंगत आली ती चाणक्यपुरीतील रेल्वे संग्रहालयात. सासऱ्यांची उमेदीची वर्षे कर्जतला रेल्वेच्या नोकरीत गेली. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वज कंपनीचे ‘सर लेस्ली विल्सन’ हे विजेचे इंजिन समोर येताच ते मोठ्याने म्हणाले, “अरे, हा तर आपला खेकडा!” मध्यभागी चालकाची उंच खोली, दोन्ही टोकांना लांबलचक ठेंगणी नाके आणि वाफेच्या इंजिनासारखी दांड्यांनी जोडलेली चाके, असे त्याचे रूप आहे. मुंबई-पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले त्या काळात, 1920 च्या दशकाच्या अखेरीस, स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमधील कारखान्यांत बनलेल्या या जातीच्या इंजिनांनी भोर आणि थळ घाटांतून मालगाड्या चढवल्या. घाटातला 37 फुटांस 1 फूट हा चढ कागदावर किरकोळ वाटतो; पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरू लागले की जड गाडी पुढे सरकत नाही आणि म्हणूनच कर्जतहून मागे जोर द्यायला बँकर इंजिने लावावी लागतात, हे आजोबांनी नातवंडांना दांडीवर हात ठेवून समजावले. कुठल्याही फलकावर इतके स्वच्छ लिहिलेले मला आढळले नाही.

त्यानंतर एक चाक रुळावर आणि दुसरे रस्त्यावर टेकवून चालणारी पतियाळा संस्थानची मोनोरेल पाहिली आणि छोट्या गाडीत बसून आवाराची फेरीही झाली. कुतुबमिनार या खेपेला राहिला. त्याची चुटपुट कोणालाच लागली नाही, कारण परतीच्या प्रवासात नव्या इंजिनांना घाटात बँकर लागतो का, यावरच आजोबा आणि नातवंडांची जुंपली होती.