एसडीबीची एसडीसी होते तेव्हा

उद्यमनगरातल्या बऱ्याच वर्कशॉपमधलं हे चित्र: ड्रॉइंग आणि हिशेब ठेवणारा लिनक्सचा संगणक, मागे कायमची खोचलेली यूएसबी बॅकअप डिस्क. वीज जाऊन येते, संगणक चालू होतो आणि काल लिनक्सने एसडीबी म्हटलेली डिस्क आज एसडीसी झालेली असते. डिस्क बिघडलेली नसते. डिस्क सापडतील तशी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ही अक्षरं वाटत जातो, आणि कुठली आधी सापडेल याचा नेम नाही. बायोसमध्ये बूटचा क्रम बदलून काही होत नाही.

म्हणून एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठल्या फोल्डरला जोडायची (माउंट करायची) त्या यादीच्या फाइलमध्ये, '/डेव्ह/एसडीबी१' लिहायचंच नाही. 'सुडो ब्लकआयडी' चालवून यूयूआयडी, म्हणजे एकमेव ओळख क्रमांक, घ्या. तो फाइलसिस्टीममध्येच, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींच्या मांडणीतच, नोंदलेला असतो. पोर्ट बदला, केबल बदला, तोच राहतो. पर्यायांत 'डिफॉल्ट्स,नोफेल,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०' टाका. नोफेल म्हणजे डिस्क नसली तरी बूट अडवू नको. ते नसेल आणि डिस्क काढलेली असेल, तर संगणक सुरू करणारं सिस्टमडी साधारण ९० सेकंद थांबून थेट इमर्जन्सी मोडमध्ये नेतं.

पण नोफेलची खोड वेगळी. डिस्क माउंट झालीच नाही तरी '/एमएनटी/बॅकअप' हा रिकामा फोल्डर असतोच. रात्रीची स्क्रिप्ट त्यातच, म्हणजे मूळ डिस्कवर, लिहीत सुटते. डिस्क भरली की सगळंच अडतं, आणि बॅकअप तर नाहीच. उपाय दोन, दोन्ही करा: डिस्क अनमाउंट असताना 'सुडो चॅटर +आय /एमएनटी/बॅकअप' (म्हणजे रिकाम्या फोल्डरमध्ये काही लिहिताच येत नाही), आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/बॅकअप || एक्झिट १'.

बदल केल्यावर लगेच रीबूट नको. आधी 'सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड', 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय', मग 'माउंट -ए'.

डीडी या कमांडने डिस्कची जशीच्या तशी नक्कल केली की यूयूआयडीचीही नक्कल होते. दोन्ही डिस्क जोडलेल्या असतील तर कुठली माउंट होईल ते नशीब. फाइलसिस्टीम ईएक्सटी४ प्रकारची असेल तर नक्कल अनमाउंट करून 'ट्यून२एफएस -यू रँडम' (यू कॅपिटल). एक्सएफएस तर दुसरी माउंटच करू देत नाही, तिथे 'एक्सएफएस_अ‍ॅडमिन -यू जनरेट' (इथेही कॅपिटल). फॉरमॅट केल्यावर यूयूआयडी नवा होतो, स्वॅपचाही.

यूयूआयडी लक्षात राहत नाही म्हणून लेबल, म्हणजे आपण दिलेलं नाव, हवं असेल तर ईएक्सटी४ मध्ये मर्यादा १६ बाइटची, आणि देवनागरीत प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, हलन्त ३ बाइट खातं. 'करवीर' १५ बाइटमध्ये बसतं, 'कोल्हापूर'ला २७ लागतात. इंग्रजी लेबल बरं. फक्त एकसारखी लेबलं दोन डिस्कना देऊ नका.

फाइलसिस्टीमच नसलेली अख्खी डिस्क ओळखायची असेल तर '/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी' बघा. तिथल्या नावात मॉडेल आणि सिरीयल असतं. स्वस्त यूएसबी केसिंग मात्र कधी कधी डिस्कऐवजी स्वतःचंच सिरीयल सांगते, तेव्हा डिस्कच्या स्टिकरशी जुळवून घ्या.