पीड्रो म्हणायचं, पेद्रो नाही

कॅलिफोर्नियात ताईकडे अर्व्हाइनला पंधरा दिवस होतो, डिस्ने झालं, हॉलीवूडची पाटी झाली, पण माझ्या डोक्यात पहिल्यापासून एकच गाव, सॅन पीड्रो. (पेद्रो म्हणालात की तिथले लोक लगेच ओळखतात, बाहेरचा आहे.) ताई म्हणाली अरे तिथे काय, बंदर आणि कंटेनर. म्हटलं माइक वॉट राहतो तिथे, पंक बँडचा बेसवाला. ती म्हणाली कोण? जाऊदे.

लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनवरून बस पकडली. ११० नंबरचा फ्रीवे पीड्रोतच जाऊन संपतो. वॉटच्या मिनटमेन बँडचा १९८४ चा डबल अल्बम आहे, 'डबल निकल्स ऑन द डाइम', त्याच्या कव्हरवर वॉट गाडी चालवतोय, आरशात त्याचे डोळे, काटा बरोब्बर ५५ वर आणि वर सॅन पीड्रोची पाटी. तेव्हा स्पीड लिमिट ५५ मैल होती आणि एक मोठा रॉकस्टार गाण्यातून बोंबलत होता की मला ५५ ने चालवणं जमत नाही, तर हे म्हणाले तू चालव बाबा जोरात, आम्ही गाडी ५५ नेच चालवू आणि धिंगाणा गाण्यात घालू. पाटी आली तेव्हा मी फोन काढेपर्यंत बस पुढे. त्यांनाही तो फोटो एका फटक्यात मिळाला नव्हता म्हणे, तेवढंच समाधान.

आधी पेक पार्क गाठलं. शाळकरी वयात इथल्याच एका झाडावरून डी. बून नावाचा पोरगा धपकन वॉटच्या अंगावर पडला आणि दोस्ती झाली. बूनच्या आईनेच पोरांना वाद्यं घ्यायला लावलं, वॉटला म्हणाली तू बेस वाजव, आणि याला बेसचा सूर गिटारपेक्षा खालचा असतो तेच माहीत नाही, कितीतरी दिवस नुसती चार तारांची गिटार समजून वाजवत होता! मी तीनचार झाडांखाली उभा राहून बघितलं, कुठलं झाड ते कोण सांगणार.

१९८० मध्ये मिनटमेन सुरू झाला आणि थोड्याच महिन्यांत ड्रमवर जॉर्ज हर्ली आला. पहिल्या रेकॉर्डवर ७ गाणी, सगळी मिळून सात मिनिटंपण नाहीत. पंक म्हणतात पण मधेच फंक, मधेच जॅझ. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की बून गिटारचा आवाज मुद्दाम पातळ ठेवायचा, म्हणजे बेस आणि ड्रमला जागा मिळावी, बँडमध्येसुद्धा कुणी कुणाच्या डोक्यावर बसायचं नाही. सामान स्वतः उचलायचं, स्टुडिओ रात्री उशिरा घ्यायचा कारण तेव्हा स्वस्त पडतो. याला त्यांचा शब्द 'इकोनो'. आमची आजी म्हणायची आहे त्यात भागवा, तेच, फक्त अँपला जोडलेलं.

डिसेंबर १९८५ मध्ये अ‍ॅरिझोनात व्हॅनला अपघात झाला आणि बून गेला. २७ वर्षांचा होता. वॉटने वाजवणंच सोडलं होतं, मग ओहायोचा एक फॅन थेट दारात आला, त्यातून फायरहोज बँड झाला. पुढे वॉट स्टूजेससारख्या दादा बँडबरोबर जगभर वाजवून आला, पण मुक्काम पीड्रोच. पहाटे सायकल नाहीतर कयाक, टूरला गेला की रोजची डायरी, आणि कुणीही भेटो, सांगणं एकच, स्वतःचा बँड काढा.

त्याच्या दाराशी जाऊन उभं राहण्यात मला रस नव्हता, बरं दिसत नाही ते. धक्क्यावर कोळंबी खाल्ली, वास अगदी भाऊच्या धक्क्यासारखा, फक्त आरडाओरडा कमी. मग कब्रिलो बीचवर बसून कानात त्याचा बेस लावला, समोर क्रेन, मागे हिरवा व्हिन्सेंट थॉमस पूल. पाण्यात दोन कयाक दिसल्या, उगाच छातीत धडधडलं, दोन्हींत आज्याबाई होत्या. आणि मी पोचलोच दुपारी, तो तर उजाडताना पाण्यात असतो.

संध्याकाळी ताईने विचारलं, भेटला का तुझा माणूस?

म्हटलं नाही, पेलिकन भेटले.